परकी चाल, घरचे कान

वाचकहो, अनंतचतुर्दशीला राजाबाजारातून संस्थान गणपती निघतो आणि मग आपल्या छत्रपती संभाजीनगरातल्या विसर्जनाला रंग चढतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. ढोल, झांजा, लेझीम तर असतातच. पण अशा एखाद्या मिरवणुकीत, नाहीतर लग्नाच्या वरातीत, बँडवाला क्लॅरिनेट तोंडाला लावतो आणि एक जुनी ओळखीची चाल काढतो, तेव्हा काय होते ते आठवून पाहा. एरवी गंभीर चेहऱ्याने कडेला उभे राहणारे काका एकदम पुढे सरसावतात. हात अर्धे वर, गुडघे किंचित वाकलेले, आणि पाय जवळजवळ जागच्या जागी. बस्स, एवढाच तो नाच! त्याला शिकवणी लागत नाही, वयाची अट नाही, आणि पँटला इस्त्री असली तरी ती मोडत नाही. या नाचाला आपण भगवानदादांचा नाच म्हणतो. ती चाल १९५१ साली पडद्यावर आलेल्या ‘अलबेला’ चित्रपटातली असते.

सत्तर वर्षे उलटून गेली, तरी ती चाल वरातीतून हटत नाही. आपल्याला ती इतकी घरची वाटते, की ती कोणे एके काळी ‘परकी’ म्हणून हिणवली गेली होती, असे सांगितले तर कोणाला पटणार नाही. पण ते खरे आहे. तशा चालींना सवंग म्हटले गेले, पाश्चात्त्यांची उष्टी म्हटले गेले, आणि आमच्या नभोवाणीनेही काही वर्षे त्यांच्यासाठी दार लावून घेतले होते. १९४७ ते १९५७ या दहा वर्षांतील अशा काही गाण्यांची हकीकत आज सांगायची आहे. नभोवाणीच्याच पुस्तिकेत ती सांगायची म्हणजे थोडे आपल्या घरचे उणे आपणच सांगण्यासारखे आहे. पण इतिहास सांगायचा तर घरापासूनच सुरुवात केलेली बरी.

आधी भूगोल पाहू. आपल्या शहरातून मनमाडकडे जाणारी आगगाडीची लाईन निजामाच्या काळातली, तेव्हा ती लहान रुळांची होती. मुंबईहून आलेला माल मनमाडला मोठ्या रुळांवरून उतरवायचा आणि लहान रुळांच्या डब्यांत चढवायचा, तेव्हा कुठे तो औरंगाबादेस पोचायचा. याच मनमाडातून दुसरी एक लाईन दौंडकडे जाते. तिच्यावर गोदावरीच्या काठी पुणतांबे नावाचे गाव आहे. चांगदेवांच्या समाधीमुळे ते वारकऱ्यांना ठाऊक आहे. आपल्या वैजापूरपासून ते काही फार लांब नाही. पण त्या काळी वैजापूर हैदराबाद संस्थानात आणि पुणतांबे इंग्रजी मुलखातल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे मध्ये राज्याची सरहद्द. या पुणतांब्यात १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. चित्रपटाच्या पाटीवर हेच गृहस्थ ‘सी. रामचंद्र’ झाले, गायक म्हणून ‘चितळकर’ राहिले आणि स्टुडिओतल्या माणसांचे ‘अण्णा’ बनले.

आता कोणाची अशी समजूत होईल, की ज्याने आपल्या गाण्यांत सॅक्सोफोन आणि बोंगो आणले, तो माणूस लहानपणापासून विलायती बाजाच्या संगतीत वाढला असेल. छे! चितळकर शिकले ते पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात, पंडित विनायकबुवा पटवर्धन यांच्यापाशी. नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याकडेही त्यांनी धडे घेतले. विनायकबुवा म्हणजे ग्वाल्हेर गायकीतले मोठे नाव, आणि तराण्यासाठी विशेष नावाजलेले. तराण्याची ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

तरुणपणी चितळकरांनी मुंबईस चित्रपटांत लहानमोठी कामे केली. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये ते पेटी वाजवीत. तेथूनच संगीत दिग्दर्शनाची वाट सापडली. आधी तमिळ चित्रपट मिळाले, आणि मग १९४२ साली भगवानदादांच्या ‘सुखी जीवन’ने हिंदीत पाय रोवला. हे भगवानदादा म्हणजे भगवान आबाजी पालव. गिरणी कामगाराचा मुलगा, स्वतःही गिरणीत राबलेला. मारामारीचे, कसरतीचे, कमी पैशांचे चित्रपट काढणारा हा माणूस आणि गांधर्व महाविद्यालयात शिकलेला हा पेटीवाला, यांची जोडी जमली. तिची पुढे काय कमाई झाली, ते वरातीतल्या काकांना विचारा!

पण या जोडीत तिसरा एक भागीदार होता, आणि त्याचे नाव कोणत्याही पाटीवर नसे. तो भागीदार म्हणजे गोव्याचा वादक.

गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि १९६१ पर्यंत राहिला. तेथे चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवीत. अक्षरओळखीबरोबर सुरांची ओळख, म्हटले तरी चालेल. पाच रेघांवरचे ते ठिपके वाचता आले, की व्हायोलिन हाती घ्या नाहीतर ट्रम्पेट. गावात पोटापुरते काम नसे, म्हणून ही मुले मुंबईला येत आणि धोबीतलावच्या आसपास आपल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या ‘कूड’ नावाच्या बिऱ्हाडांत राहत. मूकपटांच्या काळात ती पडद्याखाली बसून वाजवीत. पुढे मोठमोठ्या हॉटेलांत नाचाच्या संगीताला बसू लागली. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे जॅझ संगीत मुंबईच्या वादकांनी समोर बसून ऐकले. गुलामीतून आलेल्या लोकांचे ते संगीत. सुटाबुटातल्या साहेबांसाठी ते वाजवले जाई, पण शिकले ते कोपऱ्यात बसलेल्या गोवेकरांनी.

मग १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. पेयपान थंडावले तसे हॉटेलांतले नाचही थंडावले, आणि वादकांच्या रोजीवर घाला आला. इंग्रज व संस्थानिक ही गिऱ्हाइके तर आधीच ओसरू लागली होती. उरले ते चित्रपटांचे स्टुडिओ. कायदा दारूचा होता. त्याचा गाण्यावर असा परिणाम होईल हे कायदा करणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल. पण झाले असे, की शहरातले पट्टीचे ट्रम्पेटवाले, सॅक्सोफोनवाले, ड्रमवाले अधिकाधिक संख्येने हिंदी गाण्यांच्या कामाला लागले.

त्यांतले एक अँटोनिओ झेवियर वाझ. बार्देशातल्या हळदोण्याचे हे ट्रम्पेटवादक ‘चिक चॉकलेट’ याच नावाने ओळखले जात. लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ते चितळकरांचे साहाय्यक होते. ‘अलबेला’मध्ये तर त्यांचा ताफा पडद्यावरही दिसतो. पुढच्या खेपेला पाहाल तेव्हा नायक-नायिकेवरून नजर थोडी बाजूला काढा, म्हणजे दिसेल.

दोघांनी काम कसे केले असेल, हे समजायला थोडी तांत्रिक बाजू सांगतो; घाबरू नका, फार खोलात नेत नाही. आपले संगीत एका सुरामागून एक सूर असे, माळेसारखे चालते. पाश्चात्त्य संगीतात एकाच वेळी तीन-चार सूर एकावर एक रचतात, उतरंडीसारखे. चितळकर चाल पेटीवर बांधणार, सा रे ग म मध्ये. गोवेकर वादक ती ऐकून पाच रेघांवर उतरवणार, आणि वीस जणांनी कोणी कधी काय वाजवायचे याचे कागद तयार करणार. या कामाला ते ‘अरेंजमेंट’ म्हणत. एकाला रेघांवरचे ठिपके नकोत, दुसऱ्याला बंदिश ठाऊक नाही. पण मध्यभागी एक चाल आहे आणि ती दोघांनाही पटली आहे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी गायक आणि सगळे वादक एकाच खोलीत, एकाच वेळी. शेवटच्या ओळीला एकाचा जरी सूर घसरला तरी गाणे पहिल्यापासून. आणि हे सारे तीन-साडेतीन मिनिटांत बसवायचे, कारण त्या काळच्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावे.

आता गाण्यांकडे वळू. १९४७ च्या ‘शहनाई’मध्ये रविवारच्या भेटीचे गाणे आले. त्यात शिट्टी आहे, माउथ ऑर्गन आहे, गिटार आहे, आणि नायिकेला विलायती राहणीची लालूच दाखवणारा नायक आहे. चितळकर स्वतः त्यात गायले. १९४९ च्या ‘पतंगा’त रंगूनला गेलेल्या नवऱ्याच्या टेलिफोनचे गाणे आले, शमशाद बेगम आणि चितळकर यांच्या आवाजांत. गंमतीचे गाणे खरे, पण सात वर्षांपूर्वीच, जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या तेव्हा, तेथून हजारो हिंदी माणसे जंगलातून पायी परतली होती. ऐकणाऱ्यांना रंगून म्हणजे काय, हे सांगावे लागत नव्हते. १९५० चा ‘समाधी’ आझाद हिंद सेनेवरचा. त्यातल्या एका गाजलेल्या गाण्यावर लॅटिन अमेरिकी ढंगाच्या एका इंग्रजी गाण्याची सावली आहे, हेही येथे कबूल केले पाहिजे. सगळेच स्वतःच्या खाणीतले होते असे कोणी म्हणू नये.

आणि १९५१ चा ‘अलबेला’. नायक भगवानदादा, नायिका गीता बाली, आवाज लतादीदींचा आणि चितळकरांचा. त्यातल्या एका नृत्यगीतात बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन एकत्र वाजतात. आणि त्याच चित्रपटात लतादीदींच्या आवाजात पिलू रागातली एक अंगाई आहे, इतकी हळुवार की गेल्या पाऊणशे वर्षांत तिने किती पोरे झोपवली असतील याची गणती नाही. नाचायला लावणारा आणि निजवणारा हात एकच. लोकांनी नाचाच्या गाण्यांवरून चितळकरांना नावे ठेवली, तेव्हा त्यांना अंगाई कशी ऐकू आली नाही, हे एक नवलच.

या दशकाच्या शेवटी, १९५७ साली, एम. व्ही. रामन यांच्या ‘आशा’ चित्रपटात ‘ईना मीना डीका’ आले. एकदा किशोरकुमारांच्या आवाजात, एकदा आशाबाईंच्या. अमेरिकेत बिल हेली यांनी आपले घड्याळाचे प्रसिद्ध गाणे १९५४ साली ध्वनिमुद्रित केले होते, आणि १९५६ मध्ये त्या नावाचा चित्रपट जगभर फिरला. ‘रॉक अँड रोल’ हा शब्द त्यानंतर सर्वतोमुखी झाला. वर्षभरात पुणतांब्याच्या माणसाने त्याचा हिंदी अवतार उभा केला. हिंदी चित्रपटातले पहिले खरेखुरे रॉक अँड रोल म्हणून अनेक जाणकार याच गाण्याकडे बोट दाखवतात.

हे रॉक अँड रोल म्हणजे काय? तोंडाने एक-दोन-तीन-चार मोजा. भजनात आपला भार पहिल्या मात्रेवर पडतो. तो तेथून काढून दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठोका द्या. झाले, पाय आपोआप हलू लागतील. त्याआधीच्या जॅझमध्ये आणखी एक गंमत होती. दोन सारख्या तुकड्यांऐवजी एक लांब आणि एक आखूड, लंगडी घालताना पडतात तसे. आपल्या तबल्याच्या लग्गीत अशा झोलाची चव आधीच असते. म्हणून मला वाटते, आपल्या कानाला ते अगदीच अनोळखी नव्हते. दूरच्या नात्यातले कोणी दारात यावे तसे होते.

‘ईना मीना डीका’च्या शब्दांना अर्थ नाही, अशी मोठी तक्रार असे. हकीकत अशी सांगतात, की चितळकर चाल बांधीत बसले असता बाहेर मुले खेळत होती आणि मोजणीचे इंग्रजी बडबडगीत म्हणत होती; त्यावरून मुखड्याचे शब्द सुचले. पुढची भर जॉन गोम्स या गोवेकर साहाय्यकाने घातली आणि ‘मला नको’ अशा अर्थाचे कोंकणी शब्द गाण्यात शिरले. अर्थ नाही म्हणून गाणे हलके, असे म्हणणाऱ्यांना आता त्या तराण्याची आठवण करून द्यायची. तराण्याच्या अक्षरांना रूढ असा अर्थ नसतो. असते ती लय, नाद आणि जिभेची चपळाई. ज्यांनी विनायकबुवांचे तराणे भान हरपून ऐकले, त्यांनीच त्यांच्या शिष्याच्या गाण्याला अर्थ नाही म्हणून कपाळाला आठ्या घालाव्यात? जॅझमध्येही लुई आर्मस्ट्राँग निरर्थक अक्षरांनी गात. पुण्याची तालीम आणि अमेरिकेची तऱ्हा या एका गाण्यात शेजारी येऊन बसल्या, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे. पण ऐकून पाहा आणि तुम्हीच ठरवा.

आता आमच्या घरातली गोष्ट. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत राहिले. हेही मराठीच, पुण्याचे. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती, आणि स्वतंत्र देशाच्या नभोवाणीने लोकांची अभिरुची घडवली पाहिजे असे त्यांचे मत होते. त्यांच्या कारकिर्दीत चित्रपटगीतांची छाननी सुरू झाली, त्यांचा वेळ कमी झाला, आणि चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे जाहिरात म्हणून घोषणेतून ते नाव वगळले गेले. निर्माते रागावले. त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली, आणि हिंदी चित्रपटगीते नभोवाणीवरून नाहीशी झाली.

केसकरांना केवळ दूषण देऊन मोकळे होणे बरोबर नाही. संस्थाने विलीन झाल्यावर कितीतरी गवयांचा आणि वादकांचा आश्रय तुटला होता. त्यांना नभोवाणीने काम दिले. १९५२ साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. सुगम संगीताला नवे घर मिळाले. पुणे केंद्रावरून १९५५ साली गदिमा आणि बाबूजींचे ‘गीतरामायण’ सुरू झाले, तेही याच काळात. इतके सारे पुण्य पदरी आहे. चूक एकाच ठिकाणी झाली. लोकांना काय द्यावे हे ठरवताना लोक काय ऐकतात, का ऐकतात, हे विचारायचे राहून गेले.

लोकांनी मग काय केले? रेडिओची सुई फिरवली! समुद्रापलीकडे कोलंबोत रेडिओ सिलोनचे ट्रान्समीटर होते, महायुद्धाच्या काळातले, ताकदवान. ३ डिसेंबर १९५२ रोजी तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सयानी, वय अवघे एकोणीस. बुधवारी रात्री आठ वाजता सारा देश तिकडे कान लावून बसू लागला. कार्यक्रम मुंबईत मुद्रित होई, कोलंबोहून प्रसारित होई, आणि घरी ऐकू येई. आपलीच गाणी आपल्या घरी यायला परदेशाला वळसा घालून येत होती. रेडिओचा परवाना मात्र आपल्याच पोस्टातून काढावा लागे, बरं का!

आपल्या भागाच्या दृष्टीने या काळाकडे जरा पाहा. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवटीतून सुटला, आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. या शहरात मराठी होती, उर्दू होती, कचेरीची भाषा बदलत होती, आणि नुकत्याच घडलेल्या घटनांचे घाव कोणाकोणाच्या घरात ओले होते. शेजाऱ्याशी काय बोलावे याची पंचाईत असलेल्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी असू शकेल अशी एक गोष्ट म्हणजे हिंदी चित्रपटाचे गाणे. पुणतांब्याचा मराठी माणूस चाल बांधतो, शब्द राजेंद्रकृष्ण लिहितात, शमशाद बेगम गातात आणि हळदोण्याचा ख्रिस्ती वादक ट्रम्पेट फुंकतो, तेव्हा ते गाणे कोणाच्या एका घरचे म्हणायचे? त्याला परके म्हणणाऱ्यांना हा प्रश्न विचारावासा वाटतो. हॉटेलात चहा पिताना ते ऐकणाऱ्यांना तो पडला नसावा.

‘बिनाका गीतमाले’ने वर्षअखेरीस लोकप्रिय गाण्यांची यादी लावायला सुरुवात केली. १९५३ च्या पहिल्याच यादीत पहिला क्रमांक कोणाचा होता, ठाऊक आहे? सी. रामचंद्र यांचा! पण तो सॅक्सोफोनच्या गाण्याला नव्हता. ‘अनारकली’ चित्रपटातले लतादीदींचे ते गाणे, भीमपलासच्या अंगाने जाणारे. म्हणजे लोकांना फक्त धांगडधिंगा हवा असतो, ही भीती पहिल्याच वर्षी खोटी ठरली. लोकांच्या पत्रांनी भीमपलास निवडला, आणि तोही नाचाची गाणी देणाऱ्या माणसाचा. अभिरुची घडवायला निघालेल्यांनी श्रोत्यांवर थोडा भरवसा टाकला असता, तर कोलंबोचा फेरा वाचला असता.

अखेर नभोवाणीने ऐकले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. चित्रपटगीते घरी परत आली. त्याच वर्षी, ज्या वर्षी ‘ईना मीना डीका’ आले.

आणि पुढची सहा वर्षे ओलांडून आणखी एक तारीख पाहा, २७ जानेवारी १९६३. चीनशी झालेल्या युद्धाची जखम ताजी. दिल्लीत पंडित नेहरूंच्या समोर लतादीदींनी हुतात्मा जवानांचे गीत गायले. शब्द कवी प्रदीप यांचे. नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आले, हे सर्वांना माहीत आहे. त्या गीताची चाल बांधणारे सी. रामचंद्र होते, हे मात्र पुष्कळांना सांगावे लागते. ज्याच्या गाण्यांना परकी म्हणून नावे ठेवली, त्याच्याच चालीवर साऱ्या देशाने अश्रू ढाळले.

चितळकर ५ जानेवारी १९८२ रोजी गेले. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र ते मराठीत लिहून गेले. भगवानदादांनी ‘अलबेला’नंतर पैसा पाहिला आणि गमावलाही, २००२ साली ते वारले तेव्हा दादरच्या चाळीतल्या साध्या खोलीत राहत होते. गणपतीची मिरवणूक त्या चाळीपुढे थांबे आणि दादा खाली येऊन दोन पावले नाचून दाखवीत, असे सांगतात. चिक चॉकलेट १९६७ सालीच गेले. त्यांच्यासारख्या वादकांची नावे तबकडीवर नसत. तबकडीवर चित्रपट असे, गायक असे, संगीत दिग्दर्शक असे. ट्रम्पेट कोणी फुंकला, कागद कोणी लिहिले, याला जागा नसे. अँथनी गोन्साल्विस हे नाव तुम्ही ऐकले आहे ते १९७७ सालच्या एका विनोदी गाण्यातून. पण माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे खरेखुरे व्हायोलिनवादक आणि अरेंजर होते. संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. शिष्याने गुरूचे नाव निदान गाण्यात तरी घातले. बाकीच्यांना तेवढेही मिळाले नाही. अलीकडच्या काळात काही अभ्यासकांनी उरलेल्या वृद्ध वादकांना गाठून आठवणी टिपल्या, तेव्हा थोडी नावे हाती लागली. बाकीची त्यांच्याबरोबर गेली.

परक्या गोष्टीविषयी शेवटी एक सांगतो. आपल्या कीर्तनात, नाटकात, भजनी मंडळात जी पेटी वाजते, ती युरोपातून आलेली. १९४० साली नभोवाणीने परकी म्हणून तिलाही बंदी केली होती; १९७१ च्या सुमारास ती सैल होऊ लागली. आज पेटीला परकी म्हणणारा माणूस भजनी मंडळात उभा करून दाखवा! वस्तू कोठून आली यापेक्षा ती येथल्या माणसांनी कशी हाताळली, यावरून ती आपली की परकी हे ठरते. आजच्या मुलांच्या कानांत जे वाजते आहे, त्याला नावे ठेवण्याआधी आपण एवढे आठवले तरी पुरे. त्यातले पुष्कळसे विरून जाईल. पण एखादी चाल सत्तर वर्षांनी एखाद्या वरातीत वाजेल, आणि ती कोणती हे आज कोणालाच सांगता येणार नाही.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी गुलमंडीवरून वरात जाईल आणि क्लॅरिनेटवर ती जुनी चाल निघेल, तेव्हा खुशाल दोन पावले नाचा. आणि नाच संपला, की वाजवणाऱ्या गड्याजवळ जाऊन त्याचे नाव विचारा. ‘हे कोणापासून शिकलास?’ असेही विचारा. तो सांगेल ते घरी जाऊन वहीत लिहून ठेवा. चिक चॉकलेटच्या वेळी ते करायचे राहून गेले. निदान आपल्या गल्लीत तरी राहू नये.